बाटली कुणाची

तुळजाबाई : लघवी साफ निघाली ना? मग उठा की नर्सबाई! शिरूरच्या दवाखान्याचं काय काढलंत?

चांगुणा नर्स : अहो मावशी, तुमच्या सुनेच्या दंडाला पट्टा बांधला तर रक्तदाबाचा पारा एकशेसाठवर! पाय दाबला की खड्डा पडतोय. आठव्या महिन्यात हे बरं नाही.

तुळजाबाई : अंगावर पानी चढलंय. पोरगा हाय म्हनून.

अंजना : बाई, ती बाटली माझी न्हाई.

तुळजाबाई : अंजे, गप!

अंजना : आत्याबाईंची हाय. परसात जाऊन त्यांनीच भरली.

चांगुणा नर्स : अगं बया! मघापासून मी सासूची लघवी उकळतेय व्हय?

तुळजाबाई : मग काय करू? पोटुशी सुनेचं काय बी परक्याच्या हाती द्यायचं नसतं. कुनी करनी केली म्हंजी? हिचं नख बी मी पुरून टाकते.

अंजना : पुतळावन्संचं बी पुरलं हुतं की.

तुळजाबाई : माझ्या लेकीचं नाव काढू नगंस.

अंजना : काढनार! दुष्काळाच्या साली त्यांचे पाय असेच सुजले. डोकं ठणकायचं. झटके आले तवा तुमी देवऋषी आनलात, अन् त्या पोटातल्या लेकरासकट गेल्या. बाई, माझं बी डोकं कालपासनं ठणकतंय. ही घ्या दुसरी बाटली. माझी.

(स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी. तिघी टक लावून बघतात.)

तुळजाबाई : आगं आई... नासल्या दुधावानी झालं की.

चांगुणा नर्स : औषधाचा थेंब टाकला तरी पांढरं जात नाही, म्हणजे हिलाही झटक्यांचा धोका आहे. आजच निघायचं. दुधाची गाडी चारला शिरूरला जाते.

तुळजाबाई : मच्छिंद्र घरी आल्याबिगर सून उंबरा वलांडनार न्हाई. आपल्या केंदूरात लोक काय म्हनतील?

अंजना : सांगा, सासूला न जुमानता गेली! नवऱ्याला बी तेच सांगा. मला जगायचंय, आत्याबाई. चला बाई.

चांगुणा नर्स : अगं, ऊन बघ केवढं! चप्पल घाल.

अंजना : पायात जात न्हाई. अनवाणीच येते.

तुळजाबाई : पुतळी बी शेवटी अनवाणीच फिरायची.

अंजना : आत्याबाई, आता आडवू नका.

तुळजाबाई : आडवत न्हाई. माझ्या वहाणा घाल, सैल हायेत. मी बी येते, अनवाणीच.