डावखुरा गिटारवाला

गिटारचं विचारलंत म्हणून सांगतो. निवृत्त होऊन मीरा रोडला आलो आणि सीडी लावून गिटार शिकायला लागलो. म्हटलं, पीएचडी केलेल्या माणसाला क्लास कशाला? टीव्हीतले सर समोर बसून वाजवायचे. त्यांचा हात ज्या बाजूला दिसे, त्या बाजूचा हात मीही हलवायचो. आरशात बघावं तसं.

हिने परस्पर सोसायटीच्या गणपतीत माझं नाव दिलं. हसं होणार, या धास्तीने माझी झोप उडाली. त्या दिवशी मंडपात बसलो, तर खालच्या मजल्यावरचे फर्नांडिस म्हणाले, "अंकल, उल्टा पकडा है। आप लेफ्टी हो क्या?"

मी गिटारकडे बघितलं. हीच म्हणाली, "हां, बचपन से।"

"तभी!" फर्नांडिस खूश. एका तारेवर आरतीची चाल कशीबशी वाजवली. टाळ्यासुद्धा पडल्या.

मग प्रसाद आला. सवयीने उजवा हात पुढे केला. ही कानात पुटपुटली, "अहो, डावा! फर्नांडिस बघतायत."

मी डावा पुढे केला. गुरुजी म्हणाले, "काका, प्रसाद डाव्या हातात?"

घाबरून मी दोन्ही हात पुढे केले.

गुरुजी म्हणाले, "माणशी एकच मोदक आहे हो, काका."