तीनदा घोकायची वाक्यं

व्हिसा कार्यालयात वडिलांसोबत बसून कंटाळलेल्या शाळकरी पोरीचे कान केव्हाच शेजारच्या बाकावरच्या मायलेकींकडे पळाले होते.

"कोमो एस्ता मी इहो?" आईनं तिसऱ्यांदा म्हटलं. "माझा मुलगा कसा आहे? झालं पाठ."

"शाब्बास! प्रत्येक वाक्य तीनदा घोकायचं, की पक्कं."

"डॉक्टरांना काय, अरे-तुरे?"

"छे! 'उस्तेद'. म्हणजे आपलं 'तुम्ही'."

"आणि दादाला?"

"त्याला 'तू'. स्पॅनिशमध्येही 'तू'च म्हणतात."

"अगं बाई! सातासमुद्रापार जाऊनही पोरगा 'तू'च राहिला की."

"आणि 'आहे'ला दोन शब्द आहेत. एक कायमचा, एक सध्यापुरता."

"बेशुद्ध आहे, ते कुठल्यात?"

"सध्यापुरत्यात, आई."

"हं. मग डॉक्टर म्हणाले, 'एस्ता मेहोर'..."

"म्हणजे बरा होतोय. मग तू म्हणायचं, 'ग्रासियास'. आभार."

"आणि दुसरं उत्तर?"

"कुठलं दुसरं?"

"उगाच वेड पांघरू नकोस. दहा दिवस झाले, शुद्ध नाही त्याला. तिथे मी एकटी जाणार. डॉक्टर भलतंच काही सांगतील नि मी हसून आभार मानीन. चालेल तुला?"

"पुस्तकात नाहीये ते."

"तुला येतं. सांग."

लेकीनं ओठ आईच्या कानाशी नेले. आईनं ते शब्द हळूच, एकदा म्हटले.

"अजून दोनदा म्हण ना, आई. विसरशील."

"नको, बाळा. एवढं राहील लक्षात."