सूर्य मावळेपर्यंत

नाही हो, गुडघे नाही दुखत, जबडा दुखतोय! दिवसभर मिटून ठेवला ना! आणि लोक विचारतात काय, तर 'एवढी उंच इमारत बघून आलात, मान अवघडली असेल!' मान कसली अवघडते? संसारात खालीवर, खालीवर करून मानेला चांगलं वळण पडलेलं असतं. पण तोंड मिटायची सवय कुणाला आहे? मला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते, आमच्याकडचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तर दोन-दोन दिवस कुणाला पत्ता लागत नाही, पण मी जरा वेळ थांबले की शेजारीण दार वाजवून विचारते, 'बरं आहे ना सगळं?'

आता अशा बाईनं मौनाचा नवस बोलावा का? पण बोलले!

त्याचं असं झालं, आमची लेक आर्किटेक्ट. ती नवी उंच इमारत आहे ना, तिच्यावर काम करत होती. एकटी नाही हो, मोठं ऑफिस आहे, वर मोठे साहेब आहेत, पण आतली राहती घरं सगळी हिच्याकडे. खाली दुकानं, त्यावर कचेऱ्या, त्यावर हॉटेल, त्यावर घरं आणि डोक्यावर गच्ची. म्हणजे एखाद्यानं मनात आणलं तर नोकरी, लग्न, भांडण, समेट, सगळं एकाच लिफ्टमध्ये उरकेल! मधेच कुठंतरी वाऱ्याचं गणित अडलं, नकाशे परत काढा म्हणाले, लेक जेवेना, झोपेना, आरशात बघेना. मी देवापुढे बसले. म्हटलं, देवा, हिचं काम नीट उभं राहू दे, मी सोडते... आता काय सोडू? गोड सोडून झालं होतं तिच्या परीक्षेला, चहा गेला ह्यांच्या ऑपरेशनला. जिवापाड आवडतं असं एकच शिल्लक होतं. म्हटलं, 'उद्घाटनाच्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत चकार शब्द बोलणार नाही.' देवसुद्धा दचकला असेल! दिव्याची ज्योत हलली, मी या डोळ्यांनी पाहिली.

आणि फिटेपर्यंत नवस कुणाला सांगायचा नाही, ही माझ्या आईची शिकवण. झाकण काढलं की वाफ गेली! म्हणजे बघा, बोलायचं तर नाहीच, का बोलत नाही तेही बोलायचं नाही. लिहून? लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच की हो! देवाला फसवायचं का?

उद्घाटनाच्या सकाळी लेकीचा फोन आला. ह्यांनी घेतला आणि माझ्या कानाला लावला. 'आई, बाकीचे वाहवा करतीलच, त्यांचं कामच आहे ते. तुझं तोंडदेखलं नसतं. तू बघ आणि तू सांग. इतकी वर्षं मी त्याचीच वाट बघतेय.'

आणि मी? गप्प!

ह्यांना वाटलं, मी रुसले. 'काल भाजी अळणी म्हणालो म्हणून?' मी मान हलवली, नाही. 'मग त्या दिवशी तुझ्या भावाला घोरतो म्हणालो, ते?' नाही. 'मग काय ती फुलदाणी मी फोडली हे कळलं तुला?' तुम्हाला सांगते, घरातून निघेपर्यंत ह्यांनी वर्षभराचे सगळे गुन्हे आपणहून कबूल केले! त्यातले निम्मे मला ठाऊकच नव्हते!

पोचलो. पहिलं ते फिरतं दार. मी त्यात शिरले ती एक फेरी मारून परत रस्त्यावर! ओरडायचीही सोय नाही. पहारेकऱ्यानं विचारलं, 'बॅगेत काय आहे?' मी गप्प. त्याला वाटलं, बहिरी. 'आ-जी! बॅ-ग! उ-घ-डा!' सगळी मंडळी वळून बघायला लागली. लेक धावत आली, नवा कोट, डोळ्यांखाली काळं, पण चेहरा असा... लहानपणी चित्र काढून पाठीमागे लपवून यायची ना, अगदी तसा.

आत गेलो आणि काय सांगू! खांब असे वर जात-जात एकमेकांकडे झुकलेले, जोडलेल्या हातांच्या बोटांसारखे, आणि त्यांच्या फटीतून ऊन खाली पडलेलं. मला वाटलं, अगं बाई, ही तर इमारतच नमस्कार करतेय! जिभेवर आलं होतं हो वाक्य! तेवढ्यात हे म्हणाले, 'एवढी उंची वाया घालवली, दोन मजले निघाले असते.' लेकीनं माझ्याकडे बघितलं.

आणि मी? गप्प!

बसा म्हणाली, तर ते मोठाले कोच. मी पडले बुटकी. दवाखाना असो, बँक असो, कुठल्याही खुर्चीत बसले की माझे पाय शाळेतल्या पोरीसारखे लोंबतात. घरीसुद्धा स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उपडा डबा ठेवून त्यावर बसते, तेव्हा कुठं टेकतात.

लेक दाखवत होती. वर जाताना इमारत थोडी पिळत गेलीय, ओला टॉवेल पिळावा तशी. का, तर वाऱ्याला ढकलायला सरळ बाजू मिळू नये. आणि पार वर, आतल्या आत, एक अवजड लोखंडी गोळा टांगलाय. वाऱ्यानं इमारत एकीकडे कलली की गोळा दुसरीकडे जातो, म्हणून घरातल्या माणसांना काही जाणवत नाही. मी मनात म्हटलं, अगं, सगळे एकीकडे कलले की आपण दुसरीकडे कलायचं आणि कुणाला जाणवू द्यायचं नाही... हे मी लग्न झाल्यापासून करतेय! मी टाळ्या वाजवल्या. लेक म्हणाली, 'काय, आई?' हे म्हणाले, 'डास असेल.'

मग आम्ही एका घरात गेलो. रिकामं, रंगाचा वास. ती मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेली. खिडकीशी एक बुटका दगडी कट्टा होता. 'बस ना.' बसले. आणि... पाय टेकले. दोन्ही. टाचांसकट!

लेक खिडकीतून बाहेर बघत बोलत होती. 'साहेब म्हणाले होते, ही उंची पुस्तकात बसत नाही. मी म्हटलं, बसणारी बसते ना. तू डब्यावर बसून भाजी निवडत होतीस, तेव्हा मागून मोजायची टेप लावली होती मी. तुला कळलंच नाही, बोलत होतीस तू. इथल्या प्रत्येक घरात आहे हा कट्टा, आई. आवडला?'

घशात हा एवढा गोळा आला. वर टांगलाय ना, तेवढा! मी दोन्ही हात उचलले, तिच्या डोक्यावर ठेवणार, तोच हे म्हणाले, 'ती म्हणतेय, छत फार उंच आहे. जाळी कशी काढणार?' मी जोरजोरात मान हलवली, नाही, नाही, तर तिला वाटलं, कट्टाच नाही आवडला, पोरीचा चेहरा उतरला हो. 'बरं,' म्हणाली. नुसतं 'बरं'.

आणि मी? गप्प!

खाली चौकात सगळ्यांचा फोटो निघाला. समोर रस्ता सरळ समुद्रापर्यंत गेलेला आणि त्याच्या टोकाला सूर्य, अर्धा बुडालेला. लेक माझ्यासमोर येऊन उभी राहिली. 'आई, एक शब्द तरी. वाईट म्हण, पण म्हण.' मी तिच्या खांद्यावरून सूर्याकडे बघतेय, बुड रे बाबा, बुड... ती म्हणाली, 'माझ्याकडे बघतसुद्धा नाहीस.' आणि बुडाला! शेवटचा ठिपकासुद्धा गेला! मी तोंड उघडलं, 'अ...' तोच कुणीतरी ओरडलं, 'चला, चला, वर दिवे लावायचे आहेत!' आणि लोंढ्यानं आम्हाला लिफ्टमध्ये कोंबलं. ती एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या, मधे सगळे कोट. म्हटलं, असू दे, वर गेल्यावर निवांत सांगू. सोडवलंस रे देवा!

लिफ्ट कसली, तोफेचा गोळाच! कान बंद, पोट पायात. दार उघडलं, गच्चीवर पाऊल टाकलं आणि समोर बघते तर काय...

सूर्य!

अहो, तोच! जवळजवळ आख्खा! समुद्रावर टेकून निवांत बसलेला! तुम्ही सांगा, एका दिवसात दोनदा मावळायची ही कुठली रीत? नंतर लेकीनं समजावलं, उंचावरून लांबचं दिसतं म्हणून उशिरा मावळतो. असेल बाई! पण त्या घटकेला मला कोण समजावणार? खालचा सूर्यास्त धरायचा की वरचा? नवस बोलले होते जमिनीवर, फेडायचा ढगात! मनात म्हटलं, देवा, खालचा धर ना. पण समोर तो लालबुंद माझ्याकडेच बघत होता हो, कसं बोलणार?

आणि नेमके मोठे साहेब आले. सगळ्यांच्या देखत म्हणाले, 'काय आई, कशी वाटली लेकीची इमारत?' माणसं थांबली. हे थांबले. लेक श्वास धरून उभी.

आणि मी? गप्प!

'जाऊ द्या, सर,' लेक म्हणाली. 'आईला नाही आवडली.' आणि कठड्याकडे तोंड फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले, तिच्या कोटाचं टोक मुठीत धरलं आणि सूर्याकडे बघत राहिले. तो एवढा राहिला, नखाएवढा राहिला, गेला.

'पाय टेकले गं माझे,' मी म्हटलं.

ती वळली. आणि मग जे धरण फुटलं! कट्टा, खांब, नमस्कार, टॉवेल, गोळा, डास नव्हता गं, टाळ्या होत्या, जाळी गेली खड्ड्यात, नवस होता, तुझ्यासाठी होता... दिवे लागले, भाषणं झाली, मी आपली बोलतेच आहे! ती रडतेय, हसतेय, 'अगं वेडे, सांगायचंस ना!' म्हणतेय. सांगायचंस ना म्हणे!

सगळं गोड झालं. पण लेक निघताना म्हणाली, 'आई, पुढची इमारत मिळालीय. याच्याहून उंच.' आणि जिभेला हाड नाही बघा, माझ्या तोंडून तिथल्या तिथे नवस निघून गेला. तोच! मौनाचा! आणि झाकणही उडालं, हे शेजारीच उभे!

या वेळी मात्र मी शहाणी झालेय. देवाला आधीच मोठ्यानं बजावलंय, सूर्यास्त धरायचा तो आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतला. तिथं ह्यांच्या दुपारच्या चहालाच सूर्य समोरच्यांच्या पाण्याच्या टाकीमागे जातो. देवाची काही हरकत दिसली नाही. आमचे हे मात्र आज सकाळीच समोरच्यांकडे जाऊन गोड आवाजात विचारून आले, 'तुमची ती टाकी जरा बाजूला सरकवता येईल का हो?'