नजरेपुढची जागा

एवढंसं कापायले इतका विचार काऊन करून राहिले, ओमेशभाऊ? घराजवळ पडते म्हणून तुमच्या दुकानात आली, नाही तं गोंदियात गल्लोगल्ली आहेत तुमच्यासारखे फोटोवाले. उद्या सकाळी आमच्या गेलेल्या सासूबाईचा, लीलाबाईचा, जलदान विधी आहे, फुलांजवळ फोटो ठेवायचा आहे — ही उजवीकडं हासून राहिली ती सासूबाई, ती ठेवा. डावीकडं बसून तिच्या पायाले तेल चोळून राहिली ती काढा. संपलं. यात डोकं खाजवण्यासारखं काय आहे? — कोण म्हणजे? माझी जाऊ. लहानी. मंगली. दिरानं सालेकशाच्या जंगलातून आणली, तेंदूपत्त्याच्या कामावर दिसली अन् घेऊन आला, कोणाले विचारलं नाही, पुसलं नाही. फोटो माझ्या दीप्तीनं काढला मोबाईलवर. पोरीले काय समजते, समोर जे दिसलं ते काढलं.

आता उजळा थोडं. — इतकं नाही! गोरी काऊन करून राहिले? सावळी होती, सावळीच राहू द्या, नाही तं उद्या लोक विचारतील, ही कोणाची माय आणून ठेवली. तुमच्याकडं जो येते तो पांढराच होऊन जाते — त्या काचेतले नवरा-नवरी पाहा, जसे कणकेच्या डब्यात पडले. तोंडावरचा अंधार तेवढा काढा, ओसरीत उजेड नव्हता. सुरकुत्या दिसू द्या. हां, अशा. अन् लुगडं हिरवं होतं, गडद हिरवं, मी घेऊन दिलेलं — हा पोपट काय करून ठेवला? दबवा रंग. अजून. बस. पाहणाऱ्याले समजलं पाहिजे, लुगडं चांगलं होतं, घेणाऱ्यानं पाहून घेतलं होतं.

आता कापा. — काय? नजरेपुढं जागा सोडावी लागते? माणूस जिकडं पाहते तिकडं फोटोत जागा ठेवायची, हे कोणत्या कॉलेजात शिकवलं तुमाले? कापा म्हणते ना. — हं. — थांबा. हे कसं दिसून राहिलं? जसं आत्ताच कोणी बाजूचं उठून गेलं, अन् बुढी फ्रेमच्या काठाकडं पाहून हासून राहिली. मुद्दाम केलं तुम्ही. बरं, जागा ठेवा, मंगलीले पुसा अन् तिथं भिंत आणा. — झालं? आता भिंतीले हासून राहिली. पागल बाई दिसते. उलटा फिरवून पाहा — अन् हनुवटीवरचा तीळ कुठं गेला? दुसऱ्या बाजूले? वा! मेलेल्या माणसाचा तीळही तुमच्या हाती जाग्यावर राहत नाही. — डोळे सरळ करता येतात म्हणता? मंग इतक्या वेळ काय करून राहिले होते? करा. — अव्वो माय. नाही. हे नाही. हे तं माझ्याकडं पाहून हासून राहिली. मिटवा. मिटवा म्हणते ना!

दुसरा चांगला फोटो असता तं तुमच्या दारात आली असती काय मी? हासरा एकच आहे, हाच. आता सांगा — गोळ्या कोण देत होतं? मी. दवाखान्याच्या रांगेत कोण उभं राहत होतं? मी. तिच्यासाठी बिनमिठाची भाजी वेगळी, आंघोळीचं पाणी वेगळं, सारं मीच. अन् ही मंगली काय करे? टोरीचं, मोहाच्या बियांचं, तेल घेऊन पायाजवळ बसे, घरभर वास, अन् गोंडीत काहीबाही सांगे. बुढीले गोंडीचा एक शब्द समजत नव्हता, ओमेशभाऊ! एक शब्द! तरी हासे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हासे. मी विचारलं, आई, काय म्हणते ती? तं म्हणे, मले काय माहीत. समजत नाही तं हासता कायले, म्हटलं — तं तोंड फिरवलं. मी खोलीत गेली का हासू बंद. ‘ठेव तिथं’, एवढंच माझ्याशी बोलणं. शेवटी शेवटी चमच्यानं पाणी पाजून राहिली होती मी, तं म्हणते, मंगलीले पाठव. पाठवलं मी. पाठवलं ना. दाराबाहेर उभी राहिली — अन् अंदर त्या हालतीतही बुढीचं हासू ऐकू येऊन राहिलं होतं. — तुम्ही माझ्या तोंडाकडं काय पाहता, पडद्याकडं पाहा. काम करा.

असं करा. मले बसवा तिथं. — काऊन नाही होत? बॅनरवर तुम्ही ज्याले पाहिजे त्याले पुढाऱ्याच्या खांद्याशी उभं करता, तेव्हा होते, अन् सासूच्या बाजूले सून बसवायची तं होत नाही? खोटं काय त्यात? मोठी सून आहे मी. उद्या माझ्या माहेरचे येतील, सारी वस्ती येईल, त्याईले दिसू द्या. काढा माझा फोटो आत्ताच. हा स्टूल घेते. पदर बरा आहे? — हासू? बरं. काढा. — दाखवा. नुसते दात दिसून राहिले. परत काढा. — हे काय, जसा दात दुखून राहिला. परत. तुमचा कॅमेराच फालतू आहे. — तिच्याकडं पाहिल्यासारखं करू? कुठं आहे ती इथं? — पडद्यावर पाहू? बरं. पाहते. — पाहून राहिली ना मी. — आई —

तो लाईट बंद करा. डोळ्यांत जाऊन राहिला. काही झालं नाही मले, पाणीगिणी नको. राहू द्या तुमचा फोटो. एक बाई काढता येत नाही तुमाले अन् एक बाई बसवता येत नाही, अन् दुकानावर बोर्ड एवढा मोठा! सरका, वाटेतून सरका.

दुसऱ्या दिवशी सकाळी जलदान विधीत फुलांजवळ लीलाबाईंच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून ठेवलेला होता.