हिरवं राहिलेलं पान

रोपवाटिकेच्या रांगेत एक शिंपीणबाई उभ्या होत्या; त्यांच्या पुढे सासू-सून होत्या. सासूच्या हातातल्या कुंडीत जाड, मांसल पानांचं एक रोप कुजून आडवं झालं होतं.

"आई, रोज पाणी घातलंत ना?"

"गच्चीवर ऊन केवढं तापतं! लेक गेल्यापासून मला राहवतच नाही गं."

"ही झाडं पानांतच पाणी साठवतात. हे किती वेळा सांगायचं?"

"त्याच्या हातचं एवढंच उरलं होतं. तेही मीच घालवलं."

"हे एक पान हिरवं आहे बघा. कोरड्या मातीवर नुसतं ठेवलं तरी रुजतं."

"मग मी काय करू?"

"काही नको. वर जाऊन बघत जा फक्त."

"तू येशील? मला एकटीला तो जिना चढवत नाही."

"येईन, आई."

रांग पुढे सरकली, पण दोघी जागच्या हलल्या नाहीत. शिंपीणबाईंनीही त्यांना 'पुढे व्हा' म्हटलं नाही.