झुकिनी : अर्थ आणि वाक्यात उपयोग

...हसा, हसा तुम्ही! तुमचं काय जातंय? तुमच्या गॅलरीत लोडाएवढी भाजी लोळत नाहीये ना! मी आपला रोज सकाळी तोंडात ब्रश घालून तिथं उभा राहतो आणि ती माझ्याकडे बघते. भाजी कधी बघते का, म्हणाल. बघते हो! तुम्ही एकदा माझ्यासारखा गुन्हा करा, मग तुमच्याकडेही बघेल!

गुन्हा काय, तर नोकरी. मी शब्दकोशाच्या कार्यालयात आहे. शब्दांचे अर्थ लिहितो. आणि माझ्या वाट्याला अक्षर कुठलं आलं, तर झ! लोकांना क मिळतो, प मिळतो, माणूस निवृत्त होईपर्यंत निश्चिंत. मला झ! झगा, झरा, झाडू, झारा... आणि झुकांडी नि झुरळ यांच्या मधे कुठंतरी, बिचारी, झुकिनी.

आता अर्थ मी चोख लिहिला. 'काकडीसारखी दिसणारी, भोपळ्याच्या जातीची, कोवळी असतानाच तोडून खायची फळभाजी. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ लहानसा भोपळा.' आहे काही चूक? नाही ना? पण आमच्या संपादकबाई! चष्मा नाकाच्या शेंड्यावर, लाल पेन हवेत... "नुसत्या अर्थाला काय करायचंय? वाक्यात उपयोग कुठाय? आणि ते 'ही झुकिनी आहे' असलं मेलेलं वाक्य नकोय मला. घरातलं हवं. जिवंत हवं!"

घरातलं म्हटल्यावर मी घरातलं लिहिलं! दुसऱ्यांच्या घरातलं मला काय माहीत? अर्थ बरोबर होता हो... उपयोग चुकला!

कारण घरात तेव्हा काय चाललं होतं, ते ऐका. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. इतकी वर्षं स्वतःच्या घरात तोऱ्यात वावरलेली बाई, आणि आमच्याकडे कशी? पाहुण्यासारखी! खुर्चीच्या कडेवर बसायच्या. घामानं निथळतायत, पण विचारायच्या, "जावईबापू, पंखा लावू का?" अहो, लावा ना! स्वतःच्या लेकीच्या घरात पंख्याला परवानगी? मग एके दिवशी त्यांनी बाजारातून झुकिनी आणून परतली, ताटात वाढली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. आता काय बोलणार? चव म्हणजे... ओला पुठ्ठा! पण मी म्हटलं, "वा, आई! अशी झुकिनी मी जन्मात खाल्ली नव्हती!"

खरंच नव्हती खाल्ली. पहिलीच होती.

झालं! दुसऱ्या दिवशी फुटक्या बादलीत माती, मातीत बी, आणि पुढे काय विचारता... ती वेल नसते म्हणे, झुडूप असतं, पण त्या बादलीतून असं काही फोफावलं की कपडे वाळत घालायला जागा उरली नाही! रोज पहाटे सासूबाई बोटाएवढी कोवळी बघून तोडणार. परतलेली, भरलेली, किसलेली, तळलेली! "जावयांना आवडते हो," शेजारणीला सांगणार. आणि पंखा? खटकन लावायच्या, न विचारता! माझ्या पेपरवरून वारा सुटायचा आणि मला इतकं बरं वाटायचं... म्हणून गप्प बसलो. गिळत राहिलो. आणि जे तोंडानं बोललो नाही ना, ते हातानं लिहून बसलो! अर्थ बरोबर... उपयोग चुकला!

बरं, लिहिलं ते लिहिलं, विसरूनही गेलो. कोश छापून आला. मी छाती फुगवून घरी घेऊन आलो. आमची ही कौतुकानं हात लावून बघतेय, सासूबाईंनी पदराला हात पुसले नि म्हणाल्या, "आमची झुकिनी आहे का हो यात?" आणि मी गाढव... मी स्वतः, माझ्या या हातांनी पान उघडलं! खणखणीत आवाजात वाचायला लागलो. लहानसा भोपळा वाचलं, सासूबाईंचा चेहरा असा खुलला! "अगंबाई, किती लाडाचं नाव!" आणि मी त्या भरात पुढे सुटलो... थांबवेना मला... "वाक्यात उपयोग : सासूबाईंनी सलग चौथ्या दिवशी झुकिनी वाढली, तेव्हा जावयाच्या पोटात गोळा आला."

फक्त पंखा फिरतोय.

मी म्हटलं, "आई, ते... काल्पनिक आहे. कुठलातरी जावई." त्या म्हणाल्या, "हो हो. पुस्तकातला." आणि उठल्या आणि पंखा बंद केला.

आत गेल्यावर ही मला म्हणते, "जिभेला हाड नसतं म्हणतात, तुझ्या पेनालाही नाही!" दुसऱ्या दिवसापासून ताटात बटाटा. उत्तम बटाटा! एरवी मी बोटं चाटली असती, पण घास फिरायला लागला तोंडात. कारण सासूबाई परत खुर्चीच्या कडेवर. "जावईबापू, पंखा लावू का?" अहो, त्या 'का'नं मेलो मी! आणि गॅलरीत त्या जाईनात. तोडायला कुणी नाही, म्हणून एक झुकिनी वाढत सुटली. हाताएवढी झाली, मांडीएवढी झाली... लहानसा भोपळा म्हणे! अर्थही खोटा पाडला तिनं माझा!

धावलो संपादकबाईंकडे. म्हटलं, वाक्य बदला. 'सासूबाईंच्या हातची झुकिनी जावयाला फार आवडते' असं घाला. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कृत्रिम वाटतं. आधीचं जिवंत आहे. आणि बदल पुढच्या आवृत्तीत." कधी निघणार पुढची? "याच्या आधीची निघाली तेव्हा मी नोकरीला नव्हते लागले."

शेवटी गेल्या रविवारी ते धूड तोडलं, लेकरासारखं कडेवर घेतलं आणि सासूबाईंसमोर उभा राहिलो. म्हटलं, "आई, मला झुकिनी नाही आवडत. कधीच नाही आवडली. पण तुम्ही न विचारता पंखा लावता ना, ते मला फार आवडतं. त्यासाठी मी आणखीही खाईन."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, त्या धुडाकडे बघितलं. "ठेवा ओट्यावर. वाया नाही घालवायची," म्हणाल्या. आणि जाता जाता... खटकन पंखा लावला!

सुटलो म्हटलं! कसला सुटतोय? ते धूड संपतंय थोडंच? सोमवारी परतलं. मंगळवारी भरलं. बुधवारी किसलं. गॅलरीत तिची लोडाएवढी धाकटी बहीण लोळतेच आहे. आज दुपारी जेवायला बसलो, तर ताटात तळलेल्या चकत्या, आणि सासूबाई पंख्याखाली ऐसपैस बसलेल्या, मांडीवर शब्दकोश!

"जावईबापू, आज कितवा दिवस?"

"चौथा, आई."

"सलग?"

"...सलग."

त्यांनी पानावर बोट ठेवलं, चष्म्यातून माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आला?"

आला हो! अर्थ तर बरोबर होताच... आता उपयोगही बरोबर झाला!