पुन्हा त्याच नवऱ्याशी

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे धर्मगुरू आणि पाहुणे मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या विवाह नोंदणी अधिकारी बाई, आणि समोर बसलेल्या माझ्या लेकी-सुनांनो,

सूत्रसंचालक कानात म्हणाले, "आजी, थोडक्यात हं." बरं. पण थोडकं म्हणजे किती, ते मी ठरवणार.

मध्यंतरी आमचे हे दवाखान्यात होते. ऑपरेशनच्या सहीसाठी तिथला कारकून विचारतो, "तुम्ही यांच्या कोण?" म्हटलं, "बायको! दिसत नाही?" तर म्हणे, कायद्याने नाही. आमचं लग्न प्रार्थनाघरात झालं, थाटामाटात झालं, पण सरकारदरबारी त्याची नोंदच नाही, आणि इथला कायदा नोंदीशिवाय लग्न धरतच नाही. नातवंडं झाली, आणि मी ह्यांची कुणीच नाही! भाऊजी तिथल्या तिथे म्हणाले, "वहिनी, घर दादाच्या नावावर आहे. उद्या काही झालं तर तुमचा हक्क नाही हो." आलेत ते आज. तिकडे, पंख्याखाली. बसा भाऊजी, उठू नका.

हे हिंडू-फिरू लागले, तशी मी ह्यांना थेट बाईंच्या कचेरीत नेलं. बाईंनी नीट समजावलं. प्रार्थनाघरातलं लग्न मनाला पुरतं. घराला, वारशाला, दवाखान्याला कायद्याचं लागतं. मग ह्यांना विचारलं, "पत्नी म्हणून ह्या मान्य आहेत?"

हे म्हणाले, "हो. तिचंही हो आहे, लिहून टाका."

सवय हो, दुसरं काय! बाई म्हणाल्या, "आजोबा, त्यांचं त्यांना बोलू द्या. त्या नाहीसुद्धा म्हणू शकतात."

अगं बाई! पहिल्या लग्नात मला कुणी विचारलं होतं का? वडिलांनी दिली, ह्यांनी घेतली, धर्मगुरूंनी आशीर्वाद दिला. मी आपली तिथे हजर होते, एवढंच.

म्हटलं, "थांबा, विचार करते."

ह्यांचा चेहरा बघायला हवा होता! साक्षीला आलेली सून भिंतीकडे तोंड करून हसतेय. हे हळूच विचारतात, "अगं, काय हवंय तुला?"

"काही नको. तुम्ही मला विचारा."

आणि ह्यांनी विचारलं हो! भर कचेरीत, घसा खाकरून, "माझी बायको होशील का?" मग मी हो म्हटलं. पार जिन्यापर्यंत ऐकू गेलं.

परवा धर्मगुरू माझ्यावर रागावले, "मग पहिलं लग्न खोटं होतं का?" महाराज, खोटं कसं असेल? पण त्या लग्नाच्या जोरावर मला माझ्याच घरात राहता आलं नसतं. बोला, काय करू?

लेकींनो, प्रार्थनाघरात हौसेने जा, नटून जा. पण कचेरीत जायला विसरू नका. आणि कुणी म्हणालं, "मुलीला काय विचारायचं?" तर त्याला माझ्याकडे पाठवा.

बाई, तुमचे मनापासून आभार. शिकलेली नाही मी, बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर सगळ्यांनी सांभाळून घ्या. हे लग्न मात्र माझं मी केलंय. त्याची माफी मागणार नाही.